विगमनाचा पहिला माणूस

दादा गेल्यावर महिन्याभरात मायनं त्याचे सगळे शर्ट भांडेवालीला दिले आणि बदल्यात एक स्टीलचा डबा घेतला. चांगला जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. मायनं तो दोनदा उलटासुलटा करून पाहिला, एका पँटवरून भांडेवालीशी हुज्जत घातली, आणि मग त्यात साखर भरून ठेवली. ती साखर आम्ही चहात घालून प्यायलो. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षाबद्दल विचारणाऱ्यांना माझ्याकडून रडारडीच्या गोष्टी हव्या असतात, आणि माझ्याकडे त्या नाहीत. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, नाव अशोक. गणितात एम.एस्सी. करत होता, शेवटच्या वर्षाला होता. कावीळ झाली, सहा दिवस दवाखान्यात होता, सातव्या दिवशी सकाळी गेला. मी तेव्हा इंटरला, म्हणजे बारावीला होते. परभणीहून नातेवाईक आले, बायांनी गळ्यात पडून हंबरडे फोडले, आणि मी त्यांच्यासाठी पाण्याचे तांबे भरत राहिले. "दगडाची हाय पोरगी," असं मावशी मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. दगडबिगड काही नाही. थंडीत गार पाण्यानं भांडी घासल्यावर बोटं आपली वाटत नाहीत, तसं सगळं अंग झालं होतं. जेवत होते, पण भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नव्हतं. कॉलेजला जात होते, पण कुठल्या रस्त्यानं आले ते आठवत नव्हतं.

आमचं घर परभणीपासून लांब, निजामाच्या जुन्या राजधानीत, बरकतपुऱ्यात, काचीगुडा स्टेशनाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. दोन खोल्या आणि खाली शाबादी फरशी. वडील, म्हणजे आमचे अण्णा, स्टेशनाच्या यार्डात डबे जोडायच्या आणि सोडवायच्या कामावर होते. घरात बसून यार्ड ऐकू यायचं. इंजिनानं ओढ दिली की पहिला डबा खडखडायचा, मग मागचा, मग त्याच्या मागचा, आणि तो आवाज लांब लांब जात विरायचा. शेजारचे लोक त्यानं वैतागायचे. आम्हाला तो नसला की चुकल्यासारखं व्हायचं. मायचा स्वयंपाक परभणीचाच राहिला होता, ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी, पण अंबाडीला ती गोंगुरा म्हणायला लागली होती आणि नको म्हणायचं तर नक्को. अण्णा मराठी चौथी शिकलेले. उर्दू झकास बोलायचे, तेलुगूत भांडायचे, पण वाचता यायची ती फक्त मराठी, तीही अक्षराला अक्षर लावत. म्हणून दादानं आपलं टिपण मराठीत लिहिलं. तिकडे विद्यापीठात त्या मराठीला कोण विचारणार होतं? "अण्णांना वाचता आलं पाहिजे," एवढंच तो म्हणाला.

टिपण होतं विगमनाच्या इतिहासावर. ज्यांनी गणिताचा तास खिडकीबाहेर बघत काढला त्यांच्यासाठी सांगते, विगमन ही सिद्ध करायची एक रीत आहे. दादानं ती अण्णांना जेवताना समजावली, आणि पुढे तीसबत्तीस वर्षं कॉलेजात शिकवताना मला त्याहून बरं काही सुचलं नाही.

"अण्णा, समजा डब्यांची एक रांग आहे, आणि तिला शेवटच नाही," दादा म्हणाला.

"आन् ती कोणत्या यार्डात मावंल?"

"समजा ना हो. कुठलाही डबा हलला की मागचा हलतोच, इतकं कपलिंग पक्कं आहे. मग आता सगळे डबे हलतील का?"

अण्णांनी घास संपवला. घास तोंडात असताना ते बोलायचे नाहीत. "नाही."

"का नाही?"

"अरे, इंजिन कुठाय?"

दादानं उष्ट्या हातानंच मांडीवर थाप मारली. "झालं! तुम्हाला विगमन आलं. पहिला डबा इंजिनाला लागलाय हे दाखवायचं, आणि कुठलाही डबा घ्या, त्याचं मागच्याशी कपलिंग लागलंय हे दाखवायचं. दोन्ही दाखवलं की सगळे डबे हलले. एकेक मोजत बसायला नको."

"हे तर आमच्या यार्डात कुणीबी सांगंल," अण्णा म्हणाले, पण त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. ही रीत सगळ्यात आधी कुणाला सुचली, हा दादाचा प्रश्न होता. पुस्तकांत एका फ्रेंच माणसाला मान दिलेला असायचा, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या. त्यानं या दोन्ही पायऱ्या अगदी स्वच्छ मांडल्या होत्या. काही पुस्तकं त्याच्या आधीच्या शतकातल्या, सिसिलीतल्या एका मठवासी गणितीकडे बोट दाखवायची. विषम संख्या एकापासून ओळीनं मिळवत गेलं की वर्गसंख्या मिळतात, हे त्यानं पायरीपायरीनं दाखवलं होतं. विगमनाचं नाव तर फारच उशिरा, इंग्रजांनी रुळवलं. दादाचं म्हणणं असं की या सगळ्यांच्या कितीतरी आधी, हजार वर्षांमागं, बगदादच्या एका गणितीनं हे केलेलं आहे आणि त्याला त्याचा मान मिळालेला नाही.

त्या बगदादवाल्याचं गणित असं: एकाचा घन, दोनाचा घन, असं करत दहाच्या घनापर्यंत बेरीज करा. ती बेरीज म्हणजे एक ते दहा यांच्या बेरजेचा, म्हणजे पंचावन्नचा, नेमका वर्ग. त्यानं काय केलं, पंचावन्न बाजूचा एक चौरस घेतला आणि त्याच्या दोन लगतच्या कडांवरून दहा रुंदीची पट्टी कापली. ती पट्टी बरोबर दहाच्या घनाएवढी भरते. उरला पंचेचाळीसचा चौरस. त्यातून नऊ रुंदीची पट्टी काढली, ती नऊच्या घनाएवढी. असं उतरत उतरत तो एकापर्यंत आला. दादानं हे फरशीवर खडूनं काढून दाखवलं होतं आणि माय त्यावरून पाय न देता दोन दिवस वावरली होती. पण दहाच का? अकराचं काय, हजाराचं काय? तर त्याचंही उत्तर त्या पुस्तकातच आहे, असं दादाच्या टिपणात होतं. बगदादवाल्याचं वाक्य म्हणून त्यानं ते अवतरणचिन्हांत लिहिलं होतं: "आणि हे जसं दहाला, तसंच प्रत्येक संख्येला, कारण जो एक पायरी चढला तो पुढची चढतोच." टिपणाचा सगळा भार या एका वाक्यावर होता. ते असेल तर बगदादवाला पहिला. ते नसेल तर तो दहापासून एकापर्यंत उतरलेला एक हुशार माणूस.

हे वाक्य दादाला जहीरसाबांकडून मिळालं. जहीरसाब जुन्या उर्दू माध्यमाच्या काळात कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत कापडदुकानावरच्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या उस्तादांकडून आलेलं ते अरबी पुस्तक त्यांच्याजवळ होतं. दर रविवारी दादा मायच्या हातचा ठेचा घेऊन जायचा, ते अरबी वाचून दख्खनीत, म्हणजे इथल्या बोलीउर्दूत, सांगायचे आणि हा मराठीत उतरवायचा. अण्णांनी ते वाक्य पाठ केलं होतं. पोरानं साहेबाला चूक ठरवलं, आपल्या पोरानं, डबे जोडणाऱ्याच्या पोरानं! त्यांनी ते यार्डात, न्हाव्याकडे, परभणीला भावकीत, सगळीकडे सांगितलं.

दादाचा पहिला स्मृतिदिन जवळ आला तसं अण्णांनी ठरवलं की टिपण छापायचं. आमच्यात स्मृतिदिनाला मुलांना वह्या वाटतात, पुस्तकं वाटतात. अण्णा म्हणाले, दुसऱ्याचं पुस्तक कशाला, घरचंच आहे. नावही त्यांनीच दिलं, 'विगमनाचा पहिला माणूस'. छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. दादाचं अक्षर बारीक आणि डावीकडे कललेलं. मी ते माझ्या गोल अक्षरात उतरवत गेले, रोज चार पानं. तेव्हाही काही वाटलं नाही. स्वतःला तपासायला म्हणून मी एकदोनदा थांबून पाहिलं, हे दादाचं अक्षर आहे, हे त्यानं खोडलंय, इथं त्याच्या हातून चहा सांडलाय. काही नाही. मग पुढचं वाक्य.

त्या मोठ्या वाक्यापुढे दादानं कंसात "पान" एवढंच लिहून जागा कोरी सोडली होती. पानाचा आकडा विचारायला मी जहीरसाबांकडे गेले. ते दादाच्या मातीनंतर प्रथमच मला भेटत होते आणि त्यांनी लगेच पुस्तक काढलं. मी समोर मोढ्यावर, वेताच्या बुटक्या स्टुलावर, बसले. ते उजवीकडून डावीकडे बोट सरकवत वाचू लागले, एक वाक्य अरबी, मग तेच दख्खनीत. दहाची पट्टी झाली, नवाची झाली, एकावर आले. पान तिथंच संपत होतं. प्रकरणही संपत होतं, खाली नुसता कोरा कागद होता. त्यांचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. तोंड चालूच राहिलं. "और ये जैसा दस कू, वैसाइच हर अदद कू," ते म्हणाले, अगदी वर्गात म्हणावं तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, "कायकू बोले तो जो एक सीढी चढा, वो अगली चढताइच."

"साब, ये कहां लिखा है?" मी विचारलं. मला शंका आली होती, संशय आला होता, असं काही नाही. बोट थांबलं होतं एवढंच मला दिसलं होतं. भावना बंद पडल्या की डोळे बाकी नीट काम करतात.

त्यांनी चष्मा पुसला. पान पुन्हा वाचलं. उलटून पुढचं पाहिलं, तिथं वेगळंच प्रकरण सुरू झालेलं. पुन्हा मागं आले. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ नुसते हलत होते.

"किताब में नै है," शेवटी ते म्हणाले. "ये मैंइच बोला, बेटी. तीस साल बच्चों कू येइच बोलता आया ना, सवाल खतम हुआ के जबान अपने आप चल जाती. अशोक मियां लिखते गए. उनो समझे किताब बोल री."

मी म्हणाले, "जी."

"काट दो. आज के आज काट दो. बच्चे के नाम पे गलत बात नक्को छापो. और तुमारे वालिद कू मैं आ के बोलूं?"

"नक्को साब. मैं बोलती. मैं काट देतियूं."

बत्तीस वर्षं मी हा धडा शिकवला. आता दिलसुखनगरला राहते. आमच्या इमारतीखाली कोचिंगवाल्यांचे वर्ग चालतात आणि माईकवरून विगमन माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. पायरी एक, पायरी दोन, म्हणून सिद्ध. पायरी एक सोपी असते म्हणून पोरं ती तपासतच नाहीत, "हे तर उघड आहे" म्हणून पुढे सरकतात, आणि मी गॅससमोर उभी राहून चडफडते. त्या बगदादवाल्याबद्दल विद्वानांचं अजून एकमत नाही. काही म्हणतात, दहा हा नुसता नमुना, रीत अशी आहे की कुठल्याही आकड्याला लावा, म्हणून बीज तिथंच आहे. काही म्हणतात, जे त्यानं लिहिलं नाही ते त्याच्या पदरात घालू नका. मला दोन्ही पटतं. पण हे सगळं नंतरचं, शहाणपण आल्यावरचं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की एक वाक्य कापायचं आहे, आणि ते अण्णांचं पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अण्णांचा डबा घेऊन यार्डात गेले, सांगायचं ठरवूनच. ते एका मालडब्याच्या सावलीत त्यांच्या जोडीदाराबरोबर, यादय्याबरोबर, बसले होते.

"मतलब ये अंग्रेज लोगां का नै है?" यादय्या विचारत होता.

"नै रे. उनके पैले इधर के लोगां कर को रखे थे. मेरा बेटा निकाला," अण्णा म्हणाले, आणि मला बघून त्यांना आणखी चेव आला. त्यांनी ते वाक्य मराठीत म्हटलं, मग यादय्यासाठी दख्खनीत. 'प्रत्येक संख्येला' म्हणताना त्यांनी हात लांब करून रुळांच्या टोकापर्यंत दाखवलं. वर्षभरात त्यांचा चेहरा फक्त एवढं सांगताना जिवंत व्हायचा, ते मी पाहिलेलं होतं. ते वाक्य काढून घेतलं तर त्यांच्याजवळ पोराचं काय उरणार होतं? शर्ट तर मायनं दिलेले.

मला दया आली म्हणून मी गप्प बसले, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. मी डबा दिला, ते जेवेपर्यंत थांबले, रिकामा डबा घेऊन घरी आले. संध्याकाळी सांगू म्हटलं, संध्याकाळी नाही सांगितलं. पुढं छापखान्यातून तपासायला पानं आली, हातात लाल पेन होतं, ते वाक्य समोर होतं. मी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि पान उलटलं.

स्मृतिदिन शनिवारी होता. गच्चीवर मांडव घातला होता. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, दादाच्या फोटोसमोर मेणबत्त्या, त्रिसरण-पंचशील झालं. खालून गव्हाच्या खिरीचा वास येत होता, आणि मला तो नुसता गरम पाण्यासारखा वाटत होता. दारात प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तिका दिली होती. जहीरसाब आले, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. त्यांना मराठी वाचता यायची नाही, ऐकलेली समजायची. अण्णांनी मला टिपणातली शेवटची दोन पानं वाचायला उभं केलं. मी वाचलं. दहाची पट्टी, नवाची पट्टी, एक. मग ते वाक्य. मी तेही वाचलं, एका सुरात, बसच्या थांब्यांची यादी वाचावी तसं. अण्णांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

जहीरसाब खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन उभे राहिले.

"माफ करना," ते म्हणाले. "ये आखरी बात किताब में नै है. ये जुमला मेरा है. बच्चा मेरे पे भरोसा करा, मेरी जबान फिसली. उसकी कुछ गलती नै. गलती मेरी है, और मैं उसके जीते जी पकडा नै."

मावशीनं कुजबुजत विचारलं, "काय म्हणायलेत?" आणि तिला कुणी सांगितलं नाही. अण्णा जहीरसाबांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"कुसे, तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कवापासून?"

"दोन महिने झाले."

मला वाटलं आता हात उठेल. अण्णांनी मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं, तरी वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान काही लागलं तरी असतं. ते लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "मंडळी, जेवून घ्या. पण पुस्तकं आज नेऊ नका. दारापाशी ठेवून जा. कपलिंग लागलं नसलं तर लागलं म्हणून सांगायचं नसतं. आम्ही दुरुस्त करून घरपोच देतो." मग जहीरसाबांपाशी जाऊन त्यांनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. "बैठो साब. खाना खा के जाना. और कल सुबू आना, स्केल ले को."

लोक जेवले. खाली उतरताना एकेक पुस्तिका दारापाशी ठेवत गेले, खीर चांगली झाली म्हणाले, आणि अण्णांच्या नजरेला नजर न देता चपला शोधत राहिले. मायनं रात्रीचं उरलंसुरलं गरम केलं आणि आम्ही तिघांनी ते तीन कोपऱ्यांत बसून खाल्लं.

रविवारी सकाळी जहीरसाब खरंच आले, खिशात लाकडी पट्टी घेऊन. अण्णांनी चटई टाकली, मध्ये दोनशे पुस्तिकांचा ढीग, आणि आम्ही तिघं तीन बाजूंनी बसलो. जहीरसाबांना मराठी वाचता येत नव्हती, म्हणून अण्णांनी त्यांना पान आणि ओळ मोजून दाखवली, वरून सातवी आणि आठवी. पट्टी ठेवायची, शाईनं एक रेघ मारायची, फुंकर घालायची, मिटून बाजूला ठेवायची. पुढची घ्यायची. माय मधे चहा ठेवून गेली. जाताना एक पुस्तिका उचलून तिनं उलटी धरली, सुलटी केली, आणि पदरानं पुसून परत ठेवली.

"मग साब," अण्णांनी विचारलं, रेघ मारता मारताच, "पैला आदमी कौन?"

"मालूम नै, भाई. जिसकू मालूम है बोल रा, उसकी बी किताब देखना पडता."

"हौ," अण्णा म्हणाले. कव्हरावरच्या नावावर त्यांनी हात ठेवला. "फिर नाम रहने देते. ढूंढने वाले ढूंढेंगे." आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "दहापासून एकापर्यंत तरी बरोबर आहे ना, कुसे? पोरानं तेवढं बरोबर लिहिलंय?"

"एकन् एक अक्षर बरोबर आहे, अण्णा."

"मग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची पुस्तिका ओढली.

मीही ओढली. पट्टी ठेवली, रेघ मारली. आणि ती वाळायची वाट बघताना माझ्या मनात आलं की दादाला हे माहीतच नाही. वाक्य पुस्तकात नव्हतं हे त्याला माहीत नाही. बोट थांबलं ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं, तो खाली मान घालून लिहीत असणार. हे त्याला कळलं तर तो काय करेल तेही मला दिसलं, आधी चिडेल, मग मांडीवर थाप मारेल, मग टिपण पहिल्यापासून लिहायला घेईल, आणि या वेळचं जास्त चांगलं होईल. त्याला लगेच सांगायला हवं होतं. रविवारचा तो सुलतान बाजारातच असायचा, जुन्या पुस्तकांच्या दुकानांपाशी. मी पेन खाली ठेवलं, उठले, दारात जाऊन चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस?" अण्णांनी विचारलं.

"दादाला सांगून येते," मी म्हणाले.

म्हटलं आणि ऐकलं. मग हात चौकटीवर गेला आणि सुटेना, आणि वर्षापूर्वी बायांनी फोडला होता तसा हंबरडा माझ्या तोंडून फुटला. सगळीकडे दुखत होतं. जहीरसाबांची पट्टी फरशीवर पडली, ते मी ऐकलं. माय स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिथंच थांबली. अण्णा गुडघ्यावर हात टेकत उठले, माझ्यापाशी आले, आणि त्यांनीही चपला घातल्या.